दम छातीत, आजार अंगभर



गेल्या हिवाळ्यात ताडीवाला रोड परिसरातल्या एका विहारात आम्ही काही परिचारिकांनी मिळून आरोग्य तपासणीचे शिबिर घेतले. रांगेत एक मावशी होत्या. वय ५८. त्यांनी ३० वर्षे रस्ते झाडण्याचे काम केले होते. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत चार वेगवेगळ्या डॉक्टरांचे चार कागद. पहिला पायांच्या सुजेचा, त्यावर लघवी जास्त होण्याच्या गोळ्या. दुसरा पाठदुखीचा, त्यावर दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या. तिसरा अशक्तपणाचा, त्यावर सलाईन आणि टॉनिक. चौथा दम्याचा, त्यावर स्टेरॉईडच्या गोळ्या. या शेवटच्या गोळ्या मावशी दम वाढला की मेडिकलमधून स्वतःच आणायच्या.

मावशी म्हणाल्या, "सिस्टर, एका बाईला एवढे रोग कसे काय होतात हो? मी तर कधी बिडीला हात लावला नाही."

आम्ही त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. बसल्या जागी ९१ आकडा आला. गल्लीच्या टोकापर्यंत चालून परत आल्या तेव्हा ८५. पुढे छातीविकाराच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली आणि निदान झाले, सीओपीडी. चार कागदांवरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एकाच आजारात होते. त्यात भर म्हणजे चारही कागद एकमेकांशी भांडत होते. दुखण्याच्या गोळ्यांनी अंगात पाणी साठत होते आणि सूज वाढत होती. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होत होती, म्हणून पाठ दुखत होती. लघवीच्या गोळ्यांनी आणि स्टेरॉईडने रक्तातले पोटॅशियम कमी होत होते, म्हणून हातापायातली ताकद जात होती. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या कागदापुरते पाहिले. सगळी मावशी कोणीच पाहिली नाही.

यात आम्ही स्वतःलाही सोडत नाही. वॉर्डात नोकरी करताना आम्हीही हेच केले. दम लागलेला पेशंट आला की वाफ द्यायची, इंजेक्शन द्यायचे, ऑक्सिजन लावायचा, आणि बरे वाटले की घरी. त्याच्या मांड्या किती बारीक झाल्या आहेत, त्याची उंची का कमी झाली, तो रात्री का रडतो, हे आम्ही कधी विचारले नाही. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानात आम्ही हेच सांगणार आहोत की फुप्फुसाचा जुना आजार छातीत थांबत नाही. तो हृदयात, मांडीत, मणक्यात, रक्तात आणि मनातही शिरतो. आणि तिथे तो वेळीच ओळखला तर बरेच काही करता येते.

हा आजार नेमका काय

आपल्या वस्तीत दम लागणाऱ्या प्रत्येक आजाराला 'दमा' म्हणतात. पण दमा आणि सीओपीडी वेगळे आहेत. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. सीओपीडी बहुधा चाळिशीनंतर दिसतो. श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, हवेचे बारीक फुगे फाटतात, आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. खोकला, बेडका आणि चढावर लागणारी धाप वर्षागणिक वाढत जाते. झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही, पण आजाराचा वेग कमी करता येतो.

मावशींचा प्रश्न बरोबर होता. बिडी न ओढता हा आजार कसा झाला? पुण्यात छातीच्या आजारांवर संशोधन करणारे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच प्रश्नावर लेख लिहिला. जगभरातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असे त्यांनी मांडले. चुलीचा धूर, कामावरची धूळ, शहराची हवा, आधी होऊन गेलेला क्षयरोग, लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, ही सगळी त्याची कारणे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ मध्ये सुमारे ५ कोटी ५३ लाख झाले. या आजारामुळे होणाऱ्या एकूण हानीपैकी निम्म्याहून अधिक वाटा त्या अभ्यासाने हवेच्या प्रदूषणाला दिला, तंबाखूला सुमारे एक चतुर्थांश.

हे आकडे वाचताना आपली माणसे डोळ्यांसमोर आणा. पहाटे रस्ता झाडणारी बाई, कचरा वेचणारी, घंटागाडीवरचा कामगार, बांधकामावर सिमेंटची गोणी फोडणारा, वीटभट्टीवर राबणारे जोडपे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. शहराचा कचरा उचलणाऱ्या हातांची संघटना होऊ शकते, हे तिने दाखवले. पण त्याच कचऱ्याची धूळ ज्या छातीत गेली, त्या छातीची तपासणी आजही आपल्याला मागून घ्यावी लागते.

छातीतला आजार अंगभर कसा पसरतो

याचे चार रस्ते आहेत.

पहिला रस्ता ऑक्सिजनचा. फुप्फुस कमी पडले की रक्तात ऑक्सिजन कमी जातो, आणि शरीराचा प्रत्येक अवयव उपाशी राहतो.

दुसरा रस्ता दाहाचा. धुराने आणि धुळीने श्वासनळ्या आतून सतत सुजलेल्या असतात. त्या सुजेतून निघणारी रसायने रक्तात आढळतात. ती रक्ताबरोबर स्नायू, रक्तवाहिन्या आणि हाडांपर्यंत जातात. चुलीत आग असली तरी भिंती सगळ्या खोलीच्या काळ्या होतात, तसेच हे.

तिसरा रस्ता बसून राहण्याचा. चालले की धाप लागते, म्हणून माणूस चालणे सोडतो. चालणे सोडले की स्नायू आटतात. स्नायू आटले की चार पावलांतच जास्त धाप लागते. मग तो खाटेवरून उठतच नाही. हे चक्र आम्ही घराघरात पाहिले आहे.

चौथा रस्ता औषधांचा. योग्य औषधे जीव वाचवतात, पण स्टेरॉईडच्या गोळ्या मनाने घेत राहिल्या तर हाडे, साखर, डोळे आणि स्नायू यांचे नुकसान होते. इनहेलरमधले स्टेरॉईड फार थोडे असते आणि ते थेट फुप्फुसात जाते. गोळी मात्र अंगभर फिरते. म्हणून 'पंपाची सवय लागते' असे म्हणत पंप टाळून गोळ्या खाणे हा उलटा व्यवहार आहे.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. २००४ साली डॉ. सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सीओपीडीचा रुग्ण किती काळ जगेल हे फक्त फुंकण्याच्या तपासणीवरून नीट कळत नाही. त्यासोबत वजन, धाप आणि सहा मिनिटांत तो किती चालतो, या गोष्टी एकत्र पाहिल्या तर अंदाज अधिक अचूक येतो. म्हणजे माणसाचे वजन आणि पाय हेही या आजाराचे मोजमाप आहे.

मांड्या आणि वजन

निरोगी माणसाला श्वास घेताना काही कष्ट पडत नाहीत. सीओपीडीच्या माणसाला बसल्या जागी श्वास घ्यायलाही जास्त शक्ती लागते. दुसरीकडे जेवताना धाप लागते, पोट भरले की श्वासपटलाला खाली सरकायला जागा राहत नाही, म्हणून तो दोन घासांत उठतो. खर्च जास्त आणि आवक कमी. मग शरीर स्वतःचेच मांस जाळते. सर्वांत आधी मांड्या बारीक होतात. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागू लागला तर ते वय झाल्याचे लक्षण समजून सोडून देऊ नका.

न ठरवता वजन उतरत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. क्षयरोग, साखर आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचीही तपासणी करावी लागते, कारण सीओपीडीच्या रुग्णांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. बेडक्यातून रक्त पडले तर एक दिवसही थांबू नका.

हृदय

हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसात ढकलते. ऑक्सिजन कमी असला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. अरुंद नळीतून पाणी ढकलायला मोटारीला जोर लागतो, तसा उजव्या हृदयाला जोर लागतो. वर्षानुवर्षे हा ताण पडला की ते मोठे होते, थकते, आणि रक्त मागे साचू लागते. संध्याकाळी घोटे सुजतात, बोटाने दाबले की खड्डा पडतो, मानेच्या शिरा फुगतात, पोट जड होते. मावशींच्या पायांची सूज बरीचशी इथून आली होती.

हृदयविकाराचा झटका येण्याचा धोकाही या रुग्णांत जास्त असतो. दम अचानक बळावून गेल्यानंतरचे काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. म्हणून 'हा तर नेहमीचाच दम' असे म्हणून छातीतले दुखणे, घाम किंवा डाव्या हातातली कळ अंगावर काढू नका. सीओपीडीच्या रुग्णाचा ईसीजी काढलेला असावा, आणि पायाला सूज असेल तर टूडी इकोबद्दल डॉक्टरांना विचारावे.

हाडे

बसून राहणे, कमी खाणे, तंबाखू, ऊन न मिळणे, दाह आणि स्टेरॉईडच्या गोळ्या, ही सगळी एकत्र आली की हाडे पोकळ होतात. पाळी गेलेल्या बायकांना धोका जास्त. पाण्याची कळशी उचलली किंवा जोरात खोकला आला तरी मणका दबतो. माणूस वाकतो, उंची कमी होते. वाकल्याने छातीला जागा उरत नाही आणि दम आणखी वाढतो. जुन्या फोटोपेक्षा आई बुटकी दिसते आहे का, साडी आता खाली लोळते का, हे घरच्यांनी पाहावे. हाडांची घनता मोजण्याची तपासणी असते आणि हाडे मजबूत करणारी औषधेही असतात.

दम्यावरच्या जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये चोरून स्टेरॉईड मिसळलेले असते. पुडी खाल्ली की दोन दिवसांत जादूसारखे बरे वाटते, भूक लागते, चेहरा गोल होतो. ही जादू नंतर हाडे वसूल करतात. मात्र अशा पुड्या किंवा गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर त्या एकदम बंद करू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. डॉक्टरांना खरे सांगा. ते हळूहळू कमी करतील.

रक्त आणि साखर

ऑक्सिजन कमी पडला की काही रुग्णांचे शरीर जास्त लाल पेशी तयार करते आणि रक्त दाट होते. आपल्या वस्त्यांत, विशेषतः बायकांत, याच्या उलट चित्र जास्त दिसते. हिमोग्लोबिन कमी असते. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी असल्या तर फुप्फुसाचा उपचार करूनही धाप पूर्ण कमी होणार नाही. म्हणून हिमोग्लोबिन आणि साखर दोन्ही तपासा. स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असताना साखर वाढते आणि मधुमेह असलेल्यांची जास्तच वाढते.

मेंदू आणि मन

आजार वाढल्यावर काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साईड साठतो. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, दिवसा गुंगी, हात थरथरणे, बोलताना गोंधळ, ही त्याची लक्षणे. घरचे म्हणतात, 'आज आजीला चांगली झोप लागली.' ती झोप असेलच असे नाही. हाक मारून नीट जागी होत नसेल तर तातडीने रुग्णालयात न्या.

अशा रुग्णाला घरी ऑक्सिजन लावला असेल तर धाप वाढली म्हणून नॉब स्वतः वाढवू नका. या रुग्णांसाठी डॉक्टर सहसा ८८ ते ९२ हा आकडा राखायला सांगतात. जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साईड आणखी साठू शकतो. आणि ऑक्सिजनजवळ शेगडी, बिडी, मेणबत्ती, अगरबत्ती काहीही पेटवू नका.

मनाचे दुखणे कोणी सांगत नाही. श्वास अडकला की माणसाला वाटते आता मेलो. ही भीती एकदा बसली की तो घराबाहेर पडत नाही, लग्नाला जात नाही, जयंतीच्या मिरवणुकीत चालत नाही. कमावता हात घरी बसतो आणि आपण ओझे झालो असे त्याला वाटते. नवरा-बायकोतली जवळीक कमी होते. उदासपणा आला की औषध चुकते, औषध चुकले की दम वाढतो. 'नाटकं करतो' असे म्हणू नका. उदासपणावर उपचार आहेत, आणि ते घेणे म्हणजे वेडे असणे नव्हे.

बायका जे सांगत नाहीत

शिबिरात सगळे गेल्यावर मावशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "खोकला आला की लुगडं ओलं होतं. म्हणून मी पाणीच पीत नाही." वर्षानुवर्षांच्या खोकल्याने ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. काहींना अंग बाहेर येते, पुरुषांना हर्निया होतो. लाजेने बायका पाणी कमी पितात, त्याने बेडका घट्ट होतो आणि खोकला वाढतो. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, ते आवळून पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम लघवी करताना मात्र करू नका. खोकला येतोय असे वाटले की आधी आवळा, मग खोका. काही आठवड्यांत फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता करायचे काय

पहिले काम निदानाचे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी क्षयरोगासाठी बेडका तपासा. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी मोफत असते. त्यानंतर फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री करा. श्वास भरून जोरात फुंकायचे असते. दुखत नाही, टोचत नाही. नुसत्या एक्स-रेवर सीओपीडीचे निदान पक्के होत नाही. पुण्यात ससून रुग्णालयात आणि औंधच्या उरो रुग्णालयात छातीच्या आजारांचे डॉक्टर आहेत. २०२३ पासून केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडी आणि दमा यांचाही समावेश आहे. त्यामुळे जवळच्या दवाखान्यात बीपी आणि साखरेसोबत दमाचेही विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

दुसरे काम सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवण्याचे. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना पूर्ण फाईल आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या आणि पुड्यासुद्धा.

तिसरे, पंप नीट घ्या. नर्सला समोर घेऊन दाखवायला सांगा. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची नळी, ती लावली तर औषध घशात न अडकता आत जाते. स्टेरॉईडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येते.

चौथे, चाला. पायांचा व्यायाम हे या आजारावरचे औषधच आहे. धाप लागणार, पण बोलता येईल इतपत चालायचे. आज गल्लीच्या टोकापर्यंत, पुढच्या आठवड्यात विहारापर्यंत. खुर्चीतून हात न टेकता उठायचे-बसायचे, जमेल तेवढ्या वेळा. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली करायचे. धाप लागली की नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकतो तसा, हळूहळू सोडा. आत घेण्यापेक्षा दुप्पट वेळ सोडायला द्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा चालताना ऑक्सिजन फार खाली जात असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पाचवे, खा. थोडे-थोडे, पाच-सहा वेळा. अंडी, मोड आलेली मटकी, डाळ, शेंगदाणे-गूळ, चिकन, दूध, नाचणीची भाकरी. ४५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. सुकट, बोंबील प्रथिनांसाठी चांगले, पण खारवलेले असतील तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, आणि पायाला सूज असेल तर बेताने खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सहावे, लसी. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी. दम बळावण्याचे मोठे कारण जंतुसंसर्ग आहे, आणि प्रत्येक वेळी बळावला की शरीर थोडे खाली जाते. ते पूर्ण वर येईलच असे नाही.

सातवे, धूर थांबवा. बिडी सुटली तर कोणत्याही वयात फायदा आहे. मिश्री तव्यावर भाजताना उठणारा धूर घरभर जातो, आणि तंबाखू तर तोंडातून रक्तात जातेच. गॅस असूनही आंघोळीचे पाणी बंबावर किंवा चुलीवर तापत असेल तर चूल दाराबाहेर न्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असे आढळले. कॉईलपेक्षा मच्छरदाणी बरी. कचरा जाळू नका, जाळू देऊ नका. आणि एक गोष्ट आपल्या घरातली. विहारात बंद खोलीत वंदनेच्या वेळी अगरबत्तीचा जुडगा पेटतो आणि मागे बसलेली आजी खोकत बाहेर जाते. फुले आणि एक मेणबत्ती पुरेशी आहे. खिडक्या उघडा, आजीला आत बसू द्या.

लगेच रुग्णालयात कधी

एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर पडली असतील, गुंगी किंवा बडबड असेल, छातीत दुखत असेल, एका पायाला अचानक सूज येऊन धाप वाढली असेल, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर १०८ ला फोन करा. बेडका वाढला, घट्ट झाला, पिवळा-हिरवा झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीही ८८ किंवा त्याखाली राहतो, त्यांना घरी ऑक्सिजन लागतो का हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. लागत असेल तर तो दिवसातून किमान १५ तास घ्यावा लागतो. धाप लागली की दहा मिनिटे लावून काढून ठेवण्याचा उपयोग होत नाही. नियमित लावला तर आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत सिद्ध झाले आहे. खर्चाची काळजी असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना यांत आपल्या उपचारातले काय बसते, ते विचारा. फुले योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, शहरी गरीब योजनेसाठी महापालिकेच्या आरोग्य विभागात जा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड फाईलमध्येच ठेवा.

वस्तीचे काम

औषध एकेकट्याने घ्यायचे असते, पण मागणी सगळ्यांनी मिळून करायची असते. झाडणकामगार, कचरावेचक आणि बांधकाम कामगार यांची वर्षातून एकदा फुंकण्याची तपासणी व्हावी, कंत्राटी कामगारांचीसुद्धा. मास्क नुसता कागदावर न देता चेहऱ्याला नीट बसणारा द्यावा. रस्ता झाडण्याआधी धूळ बसेल अशी व्यवस्था असावी. युनियनच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. आणि प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी ऑक्सिमीटर, वजनकाटा आणि बीपीचे यंत्र घेऊन दोन मुली बसल्या तर अशा किती मावश्या वेळेत सापडतील.

त्या मावशी पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. होणारही नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. पण आता त्यांचा एकच डॉक्टर आहे आणि एकच फाईल आहे. स्टेरॉईडच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. पायांची सूज उतरली आहे. वजन तीन किलोने वाढले आहे. गेल्या पौर्णिमेला त्या विहारापर्यंत स्वतः चालत आल्या, वाटेत दोनदा थांबून. आल्या आल्या आम्हाला म्हणाल्या, "सिस्टर, दम छातीत होता, पण मी पाय वाचवले."

तुमच्या घरात कोणाला जुना दम असेल तर हे पान वाचून झाल्यावर चार गोष्टी पाहा. घोटे दाबून पाहा, मांड्या पाहा, पाठ पाहा, आणि शेजारी बसून विचारा, 'मन कसं आहे?' पुढचे पाऊल तिथूनच सुरू होईल.

जयभीम.